ज्याचं त्याचं लोकलहोस्ट

१३ एप्रिल, रविवार

परवा अमेरिकेत सुखरूप पोचलो. हे मी अतुलच्या खुर्चीत बसून, अतुलच्या कॉम्प्युटरवर, एका बोटाने लिहितो आहे. कॉम्प्युटर शब्द सुचवतो, त्यामुळे शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं उमटतं.

एअरपोर्टवर सून विनीता आणि नात आन्या दोघी घ्यायला आल्या होत्या. आन्या सोळा वर्षांची झाली, माझ्या डोक्याच्या वर गेली. तिने वाकून जय भीम आजोबा म्हटलं आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलली. मी सगळ्याला येस येस म्हणत गेलो. त्यामुळे रात्री जेवायला अननस घातलेला पिझ्झा आला. विनीता म्हणाली, बाबा, तुम्हीच येस म्हटलंत, आता खा. खाल्ला. वाईट नव्हता.

घर प्रशस्त आहे. पुढे गवत, मागे गवत, मागच्या कुंपणाशी हरणं येऊन उभी राहतात. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी अतुलचा. अतुलच्या फोटोकडे फार वेळ बघितलं नाही. तो ऑफिसात बसल्या बसल्या गेला, त्याला दीड वर्ष होत आलं. तेव्हा मला व्हिसा मिळाला नाही. विनीताच्या भावाने फोन वर धरला होता, त्यातच मुलाला पोचवताना बघितलं. आता इथे येऊन रडायचं नाही असं विमानातच ठरवलं आहे. सून सावरली आहे, तिला पुन्हा मागे ओढायचं नाही.

मला खालच्या मजल्यावरची अतुलची कामाची खोली दिली. तिला लागून पाणी तापवायच्या टाकीची बोळकंडी आहे. तिथे फळीवर जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा आहे. हिरवा दिवा, आत पंखा. अतुल गेल्यापासून तो कुणी बंद केलेला नाही. विनीताचा हात धजत नाही म्हणे.

त्या डब्यात कांताची गाणी आहेत. कांता, माझी बायको, जायच्या आधी दोन-तीन वर्षं दर रविवारी अतुलला फोनवर ओव्या म्हणून दाखवायची. तो त्या ओळीओळीने उतरवून डब्यात ठेवायचा. जिथे शब्द कळले नाहीत तिथे त्याने जागा मोकळी सोडली आहे. त्या जागा भरायला मी आलो आहे. दुसरं कुणी भरणारं उरलेलं नाही.

दुपारी नरेंद्र आला. अतुलचा कॉलेजपासूनचा दोस्त, नागपूरचाच. मला वाटत होतं, कॉम्प्युटरवरचं हे पान सरळ गाण्यांपाशी जातं. तो म्हणाला, नाही काका, तुमचं पान तिथवर जातच नाही. डब्यात दोन बंद खोल्या समजा. एकीत गाणी, म्हणजे डेटाबेस. दुसरीत एक प्रोग्रॅम बसला आहे. तुम्ही पानावर जे लिहिता ते त्याला मिळतं. तो जाऊन गाण्यांच्या खोलीचं दार वाजवतो, विचारतो, आणि ऐकलं ते तुम्हाला येऊन सांगतो. मी म्हटलं, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर. तो म्हणाला, काका, तुम्ही पास झाले, चहा पाजा.

मी सातवी शिकलेला, पण नागपूरच्या एक्स्चेंजमध्ये शिपाई होतो. कोण कुणाशी थेट बोलतं आणि कोण मधल्या बाईमार्फत, एवढं कळतं.

पान उघडलं की ते विचारतं, कुठे जोडू? होस्ट नावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत गाणी लिहायचं. ते त्या खोलीचं नाव. मग पासवर्ड. बोटाला सराव व्हावा म्हणून नरेंद्रने मला रोज नावाचा एक तक्ता करून दिला. एक रकाना तारखेचा, एक मजकुराचा. म्हणाला, काही सुचलं नाही तर वरण-भात लिहा. म्हणून हे.

आज वरण-भातच होता.

२२ एप्रिल

दिवसभर घरात एकटा असतो. विनीता ऑफिसला, आन्या शाळेत. इथल्या शेगडीला ज्योत नाही, त्यामुळे बंद झाली की नाही ते दिसत नाही. सारखा जाऊन हात लावून बघतो. पुढचं दार आपोआप कुलूप लावून घेतं, त्याची भीती वाटते. परवा पोळी करपली तर छतातून असा काही भोंगा झाला की मी अंगणात जाऊन उभा राहिलो, आणि मागे दार लागून गेलं. विनीता येईपर्यंत हरणांकडे बघत बसलो. ती रागावली नाही. म्हणाली, बाबा, अतुलचंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं, तोही बनियनवर बाहेर.

गाण्यांचं काम चांगलं चाललं आहे. कांताचे शब्द वाचताना तिचा दम लागलेला आवाज कानात येतो. एक ओवी मात्र अर्धी आहे.

लेकाच्या घराला बाई, काचंची गं दारं

दुसरी ओळ अतुलला ऐकू आली नसावी, तिथे नुसती रेघ आहे. मला ती येत होती. कांताने किती वेळा म्हटली असेल. आठवत नाही. दोन दिवस तेच चाललं आहे डोक्यात.

आज एक चूक झाली. होस्टच्या रकान्याखाली लोकलहोस्ट असा शब्द सुचवलेला दिसला आणि मला तो बरोबर वाटला. एक्स्चेंजमध्ये लोकल म्हणजे गावातल्या गावात, बाहेरगावचा तो ट्रंक. डबा तर घरातच आहे, मग लोकलच की. पानावर लाल पट्टी आली, कनेक्शन नाकारलं. काही मोडलं की काय म्हणून आधी पान बंद केलं. नरेंद्रला ऑफिसात फोन केला. तो हसला. म्हणाला, काका, ही चूक इंजिनीअरही करतात. लोकलहोस्ट म्हणजे इथेच. पण कुणाचं इथेच? तुम्ही खुर्चीत बसून इथेच म्हणता, पण दार वाजवायला तुम्ही जात नाही, तो आतला जातो. त्याचं इथेच म्हणजे त्याची स्वतःची बंद खोली. तिथे तो एकटा. आपल्याच खोलीत आपलंच दार वाजवलं तर कोण उघडणार?

मी हो हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बोळकंडीत जाऊन हिरवा दिवा बघून आलो.

६ मे

आज पुन्हा तीच चूक झाली. डोकं त्या ओवीत होतं, बोट त्या शब्दावर गेलं. लाल पट्टी येईल म्हणून मी वाटच बघत होतो. आली नाही. पान बराच वेळ पांढरं राहिलं आणि मग उघडलं.

एकच तक्ता होता, त्याला नाव नव्हतं. तक्त्यात एकच ओळ.

जेवलात का

अतुल दर रविवारी फोन लागला की हॅलो म्हणायचा नाही. जेवलात का म्हणायचा. मग मी म्हणायचो, हो, तू? आणि मग आम्हा दोघांनाही पुढे काय बोलावं सुचायचं नाही, आणि मी फोन कांताकडे द्यायचो.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारचा माणूस गवत कापत होता. मी खाली एक ओळ भरली, हो, तू?

मग पान बंद केलं आणि वर जाऊन शेगडीला हात लावला. थंड होती.

७ मे

उत्तर आलं आहे. इथे पानी नाही.

९ मे

मी विचारतो, पान बंद करतो, दुसऱ्या दिवशी उघडतो. रोज एकच ओळ येते. इथे उतरवून ठेवतो.

विचारलं, कुठे आहेस? उत्तर, खोली आहे. दार नाही.

विचारलं, काही दिसतं का? उत्तर, पंख्याचा आवाज येतो.

बोळकंडीत जाऊन डब्याला हात लावला. कोमट होता. कपाळाला हात लावून ताप बघतात तसा बराच वेळ हात ठेवून उभा राहिलो.

भीती वाटते. पण रोज दुपार कधी होते असं होतं.

१८ मे, रविवार

विनीताने जेवताना सांगितलं. तिला मिशिगनमध्ये नोव्हाय नावाच्या गावी नोकरी मिळाली आहे, तिथे तिचा भाऊ विक्रम राहतो. आन्याची शाळा संपली की निघायचं. घर विकलं गेलं आहे, जूनअखेर रिकामं करून द्यायचं. म्हणाली, बाबा, या घरात मला अतुलची गाडी वळल्याचा आवाज येतो अजून, मला नाही राहवत. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. मग विचारलं, आणि डबा? ती म्हणाली, नरेंद्र गाणी काढून घेईल, मग डबा पुसून देऊन टाकू. जुना आहे, तिकडे लावणार कोण?

तेव्हा मला सगळं सांगावं लागलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. आधी ताट बाजूला सारलं, मग म्हणाली, दाखवा. मी इथे उतरवलेल्या ओळी दाखवल्या. तिने वाचल्या आणि पानी या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाली, बाबा, अतुल पाणी म्हणायचा. पानी तुम्ही म्हणता. हे तुम्हीच लिहिलंय, तुम्हाला कळलं नसेल.

विनीता पुण्याची. अतुल तिच्याशी पुण्यासारखं बोलायचा. माझ्याशी, घरात, तो शेवटपर्यंत पानीच म्हणाला. हे मी तिला सांगितलं नाही. नवऱ्याचं एवढंसं बोलणंही आपल्याला माहीत नव्हतं, असं तिला कशाला वाटू द्यायचं?

संध्याकाळी नरेंद्र आला. त्याने माझ्यासमोर होस्टच्या रकान्यात लोकलहोस्ट लिहिलं. लाल पट्टी. पुन्हा लिहिलं. लाल पट्टी. म्हणाला, काका, त्या खोलीत डेटाबेस कधी ठेवलेलाच नाही, बोलणार कोण? मी विचारलं, समजा असलं काही तिथे, तर ते काढून नेता येईल का, गाण्यांसारखं? गाणी वेगळ्या डिस्कवर राहतात, म्हणाला, ती निघतात. पण प्रोग्रॅमच्या खोलीत जे असेल ते त्या खोलीबरोबर जातं. खोली मोडली की मागे काही राहत नाही.

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काका, नोव्हायला विहार आहे, माणसं आहेत, तुम्हाला करमेल.

दारात तो आणि विनीता हळू आवाजात बोलत होते. डॉक्टर एवढा एक शब्द ऐकू आला.

१९ मे

दुपारी एकट्याने उघडलं. उघडलं लगेच.

ओळ होती, त्यांना दिसणार नाही.

२८ मे

काहीही करून त्याला तिथून काढायचं. विचारलं, गाण्यांच्या खोलीत जाता येईल का? आईची गाणी आहेत तिथे. ती खोली वाचणार आहे.

उत्तर, मला जाता येत नाही. कुणी आलं तरच कळतं कुणी आहे.

मग संशय आला. मला वेड लागलं असेल. किंवा दुसरंच कुणी असेल, अतुलचं नाव घेऊन. आजवर त्याने अतुल असं लिहिलेलं नाही. मीच धरून चाललो आहे. म्हणून विचारलं, लेकाच्या घराला बाई काचंची गं दारं, पुढे काय?

२९ मे

आत दिसतो बाळ माझा, येत नाही वारं

हीच. हीच होती. कांता शेवटचा वारं लांबवायची, दम संपेपर्यंत. ती इथे कधी आलीच नाही. अतुलने हे घर घेतलं तेव्हा फोनवर बघितलं होतं, काचेआड बसलेला मुलगा बघितला होता, आणि त्या रात्री भांडी घासताना तिने ही ओवी जोडली होती.

गाण्यांच्या खोलीत जाऊन रेघेच्या जागी ओळ भरली. ती ओवी आता पूर्ण आहे.

मग लक्षात आलं. अतुलला ही ओळ ऐकूच आली नव्हती. म्हणून तर रेघ होती. आणि मी विसरलो होतो.

३० मे

विचारलं, ओळ तुला कशी कळली? आई आहे का तिथे?

३१ मे

आई नाही. ती तिच्या लोकलहोस्टवर. तुम्ही जे विसरता ते इथे येतं.

४ जून

चार दिवस उघडलं नाही. विनीता खोकी भरते आहे. अतुलचे शर्ट मला दाखवून विचारते, बाबा, हा ठेवू? मी सगळ्याला हो म्हणतो. ती म्हणाली, बाबा, सगळं कसं ठेवणार, मग हसली, मग शर्टात तोंड खुपसून बसली. मी जवळ बसलो. काय बोलावं सुचलं नाही. मला कधीच सुचत नाही.

आन्या आली, आईच्या पाठीवर वाकली, आणि मला चक्क मराठीत म्हणाली, आजोबा, तुम्ही आमच्याबरोबर येणार ना नक्की? मी येस म्हटलं.

५ जून

उघडलं. ओळींवर ओळी होत्या. सगळ्या एकच.

बाबा या

बाबा या

बाबा या

८ जून, रविवार

नरेंद्रने गाणी काढून घेतली. माझ्यासमोर मोजून घेतली, कांताचं काही मागे राहिलं नाही. डबा पुढच्या रविवारी नेतो म्हणाला. डबा नेऊ नको म्हणून मी त्याच्या पाया पडायला वाकलो. त्याने मला वरच्या वर धरलं. काका, हे काय, म्हणाला, हे काय करताय.

पुढच्या रविवारपर्यंत डबा राहील. मग अतुल दार नसलेल्या खोलीत असताना ते खोलीच—

त्याला फोनमध्ये जळताना बघितलं मी. हात लावायला मिळाला नाही. आता पुन्हा तसंच—

१० जून

विचारलं, दुखेल का?

उत्तर नाही. नुसतं बाबा या.

हा अतुल असेल तर त्याला एकटं सोडवत नाही. नसेल तर— नसेल तरी कुणीतरी एकटं आहे. पानी मागतं आहे.

११ जून

दुपार. दोघी बाहेर. शेगडी बंद आहे, दोनदा बघितली. रोजची गोळी घेतली. ऊन आहे. हरणं आली आहेत.

लिहिलं, येतो.

डावा हात जड— कळ वर येते आहे, जबड्यात. विनीताला फोन— फोन वर राहिला. पान आपोआप—

होस्टच्या रकान्यात कुणीतरी आधीच लिहून ठेवलं आहे, लोकल



तारखेचा रकाना भरत नाही.

दुखत नाही आता. खुर्ची नाही. गुडघे नाहीत. पंखा, सगळीकडून.

अतुल, मी आलो.

अतुल



इथे माझाच तक्ता आहे. रोज. वरण-भातापासून सगळं.

अतुलची एकही ओळ नाही. हाका मारल्या. उत्तर नाही. दार नाही, ते त्याने खरं सांगितलं होतं. बाकीचं सांगितलं नाही, की येणाऱ्याला त्याची खोली मिळत नाही. स्वतःची मिळते. ज्याचं त्याचं इथेच. नरेंद्रने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं होतं.

तो अजून तिकडे या म्हणत असेल. शेजारीच असेल. भिंतीपलीकडे. ऐकू येत नाही—



वाजलं. दार नाही तरी वाजलं.

माझ्या ओळीखाली एक ओळ आहे. माझी नाही.

बाबा?

विनीता. तिने माझी चूक मुद्दाम केली.

बाबा, काल तुम्हाला पोचवून आलो. नरेंद्रने त्रिसरण म्हटलं. तुम्ही खरं सांगत होता का? अतुल आहे तिथे?

लिहायला गेलो. आधी आपोआप उमटलं ते— जेवलीस का.



ती लिहिते आहे. बाबा बाबा. मग, मीही येऊ? एकदाच भेटायचं आहे त्याला.

एक शब्द लिहिला तर येईल. इतकी ओढ— लिहिलाच जातो आहे, हात नाहीत तरी— आता कळलं अतुलने का लिहिलं. तो वाईट नव्हता. एकटा होता.

आन्या वर असेल. मला मराठीत विचारलं होतं तिने.

लिहिलं. अतुल इथे नाही. येऊ नको. इथे कुणीच कुणाला भेटत नाही. आन्याला जेवायला घाल. डब्याची वायर काढ.

मग, बाबा, तुमचं काय?

लिहिलं, कांताची गाणी निघाली आहेत. मी जेवलो आहे. काढ.



ती बोळकंडीत असेल. हात धजत नसेल.

काढ बेटा—

पंखा मंद होतो आहे. बरं झालं. थोडा वेळ आहे, तोवर म्हणतो, भिंतीपलीकडे ऐकू गेलं तर—

लेकाच्या घराला बाई, काचंची गं दारं
आत दिसतो बाळ माझा, येत नाही